काजूची फॅक्टरी कुठे टाकावी? फुकटची जागा वर्षाला ५८ हजारांना पडते

पत्र: आम्ही सिंधुदुर्गातल्या सहा ठिकाणचे काजू बागायतदार. आजवर बी व्यापाऱ्याला घालत होतो, पुढच्या हंगामापासून स्वतः फोडून गर विकायचा विचार आहे. सगळ्यांची मिळून २०० टन बी होते. जागेवरून मात्र गटात तट पडलेत. एक सभासद रस्त्याच्या शेवटच्या गावातली आपली १५ गुंठे जागा फुकट देतोय. काहींना तालुक्याच्या गावीच प्लॉट हवाय, कारण गर तिथूनच कोल्हापूर आणि गोव्याला जातो. मधल्या एका गावात बंद पडलेल्या दूध संस्थेची शेड महिना ८,००० रुपये भाड्याने मिळेल. त्याच्या पुढच्या गावात रस्त्यालगत जमीन विकाऊ आहे, सहा लाखांना. आमच्यातल्या एका इंजिनिअर मुलाने गावांच्या अक्षांश-रेखांशांची वजनी सरासरी काढली, तर बिंदू देवराईत पडला! वाहतूक कमीत कमी पडेल अशी जागा काढायची तरी कशी? गावागणिक टन, अंतरं आणि गाड्यांचे दर सोबत जोडले आहेत. (गटाचे सचिव, सिंधुदुर्ग)

उत्तर:

सचिवसाहेब, नमस्कार.

तक्ता नीट केलाय, त्यामुळे अर्धं काम झालंच आहे. त्यातली एक ओळ मात्र आधी खोडा: ‘तालुका ते कोल्हापूर ट्रकभाडं’. फॅक्टरी कुठेही टाकली तरी गर तालुक्यावरूनच पुढे जाणार. म्हणजे ते भाडं सगळ्या पर्यायांत सारखंच. सारखा खर्च तुलनेत ठेवला की बेरजा मोठ्या दिसतात आणि खरा फरक त्यात बुडतो. तुमच्या तक्त्यात नेमकं तेच झालंय, म्हणून ‘सगळीकडे जवळजवळ सारखंच पडतं’ असं काही सभासदांना वाटतंय.

गावांची नावं इथे छापत नाही. फुकट जागेचं, रस्त्याच्या टोकाचं गाव ते अ. तिथून ८ किलोमीटरवर ब, १४ वर क (दूध संस्थेची शेड), २२ वर ड (विकाऊ जमीन) आणि ३० वर तालुका. इ आडवाटेला, क पासून ६ किलोमीटर आत. बी अशी: अ ३० टन, ब ५०, क ४५, ड ४०, इ २५ आणि तालुक्याच्या आसपासची १०.

आता फॅक्टरीतून बाहेर काय पडतं ते बघू. चांगली वाळलेली १०० किलो बी फोडली की साधारण २५ किलो गर मिळतो, ७० किलोच्या आसपास टरफल निघतं, बाकी साल आणि घट. म्हणजे २०० टनांतून ५० टन गर आणि १४० टन टरफल. तुमच्या अंदाजाने २० टन टरफल बॉयलरलाच जळेल. उरलेलं १२० टन तालुक्याच्या पलीकडच्या तेल काढणाऱ्या कारखान्याला जाईल, आणि तेही तालुक्यावरूनच.

दोन्ही तटांचं चुकतं ते इथे. बागेजवळ बसा म्हणणारे जे सांगतात त्याला जुना आधार आहे. आल्फ्रेड वेबर या जर्मन अभ्यासकाने १९०९ मध्ये ते सविस्तर मांडलं: प्रक्रियेत ज्या मालाचं वजन घटतं, त्याचा कारखाना कच्च्या मालाजवळ असावा. साखर कारखाने उसाच्या पट्ट्यात बसतात ते म्हणूनच, १०० किलो उसातून साखर १०-११ किलोच निघते. पण काजूचं टरफल म्हणजे उसाचं चिपाड नव्हे. ते विकलं जातं, गाडीत चढतं आणि त्याचंही भाडं पडतं. ‘बीच्या वजनाचा चौथा हिस्साच बाहेर जातो’ हा हिशोब टरफल विसरून केलेला आहे. दुसऱ्या बाजूला, तालुक्यात बसा म्हणणारे टन मोजतात पण गाडी मोजत नाहीत. एक टन बी पिकअपमधून आणणं आणि एक टन टरफल ट्रकने पाठवणं यांत किलोमीटरमागे दुपटीहून जास्त फरक आहे.

तो फरक तुमच्याच दरांवरून काढू. पिकअप किलोमीटरला १८ रुपये, जाऊन-येऊन ३६, त्यात दीड टन बी. म्हणजे टनामागे किलोमीटरला २४ रुपये. गराचा आयशर (छोटा ट्रक) ३० रुपये, जाऊन-येऊन ६०, माल ५ टन, म्हणजे १२ रुपये. टरफलाचा ट्रक ४०, जाऊन-येऊन ८०, ८ टन भरला तर १० रुपये. परतीची रिकामी फेरी धरायची विसरू नका. ती विसरून काढलेला दर निम्म्यावर येतो आणि पहिल्याच हंगामात गाडीवाल्याशी भांडण लागतं.

आता प्रत्येक गावाची ‘ओढ’ काढा. फॅक्टरी त्या गावापासून एक किलोमीटर लांब गेली तर हंगामाला किती रुपये जास्त जातील, तो आकडा म्हणजे ओढ. टन गुणिले दर, एवढंच. अ ची ७२०, ब ची १,२००, क ची १,०८०, इ ची ६००, ड ची ९६०, तालुक्याच्या बीची २४०. तालुक्याच्या दिशेने गराची ओढ ६०० आणि टरफलाची १,२००. सगळी मिळून ६,६०० रुपये. निम्मे ३,३००.

टोकाकडून बेरीज करत चला. अ ला ७२०. ब ला १,९२०. क ला पोचल्यावर क आणि त्याला जोडलेलं इ धरून ३,६००. इथे निम्म्याची रेषा ओलांडली. तुमची जागा क. कुठलंही सॉफ्टवेअर लागलं नाही.

हे असं का होतं ते एकदा मनाशी पक्कं करा, म्हणजे गटाला समजावता येईल. ब मध्ये उभे आहात असं धरा. एक किलोमीटर क कडे सरकलात तर मागच्या गावांचा खर्च १,९२० ने वाढतो आणि पुढचा सगळा ४,६८० ने कमी होतो. मग सरका. क च्या पुढे सरकलात तर मागचा ३,६०० ने वाढतो, पुढचा ३,००० नेच कमी होतो. मग थांबा. दोन्ही बाजूंची ओढ जिथे पलटते ते ठिकाण हवं. तिथून शेवटचं गाव किती लांब आहे याला काहीच महत्त्व नाही.

तुमच्या इंजिनिअरची सरासरी चुकते तीही इथेच. सरासरी काढली की लांबचं गाव जास्त जोराने ओढतं, कारण सरासरीचा बिंदू अंतरांच्या वर्गांची (अंतर गुणिले अंतर) बेरीज कमी करतो, अंतरांची नव्हे. भाडं तर साध्या अंतरावर लागतं, तिसाव्या किलोमीटरला पहिल्याइतकेच पैसे पडतात. पडताळून बघा: नुसत्या बीच्या टनांवर काढली तर रस्त्यावरची सरासरी १२.८ किलोमीटरवर येते. अ गाव आणखी १० किलोमीटर मागे आहे अशी कल्पना करा. सरासरी लगेच दीड किलोमीटर अ कडे सरकते, पण फॅक्टरी क वरून हलवायचं काहीच कारण नाही, कारण अ चा माल तेवढाच आणि त्याच दिशेने येणार आहे. त्यातून अक्षांश-रेखांश म्हणजे कावळ्याच्या वाटेचं अंतर. कोकणातला रस्ता डोंगराला वळसा घालून जातो, म्हणून बिंदू देवराईत पडला. मुलाला बोल लावू नका, ही चूक पाठ्यपुस्तकांतही सर्रास सापडते.

तुमची गावं एकाच रस्त्यावर आहेत, म्हणून हे सोपं झालं. ती दहा दिशांना पसरलेली असती तर? एक जुना खटाटोप आहे, शाळेतली मुलंही करतील असा. नकाशा प्लायवूडवर चिकटवायचा, प्रत्येक गावी भोक पाडायचं, प्रत्येक भोकातून एक दोरी खाली सोडायची, वरची सगळी टोकं एका गाठीत बांधायची. खाली ओढीच्या प्रमाणात वजनं लटकवायची, शंभर रुपयांना दहा ग्रॅम. तुमच्या बाबतीत अ ला ७२ ग्रॅम, ब ला १२०, आणि तालुक्याला गर-टरफल धरून २०४. फळी आडवी उचलून धरली की गाठ जिथे स्थिरावते तिथे खर्च सर्वात कमी. भोकाच्या कडेला दोरी घासते, म्हणून गाठ दोन-तीनदा हलवून सोडा आणि दरवेळी कुठे येते ते बघा. हेच काम आकड्यांनी करायची रीत वाइसफेल्ड या गणितज्ञाने १९३७ मध्ये दिली: आधी सरासरीचा बिंदू घ्या, तिथून प्रत्येक गावाचं अंतर मोजा, प्रत्येक ओढीला त्या अंतराने भागा आणि नव्या वजनांनी पुन्हा सरासरी काढा. असं दहा-वीस वेळा केलं की बिंदू हलायचा थांबतो. दोन्ही रीतींत सरळ रेषेचं अंतर धरलेलं असतं, त्यामुळे घाट-खाडीच्या मुलखात त्यांचा उपयोग अंदाजापुरताच. रस्त्यांच्या जाळ्याचं मात्र बरं आहे. हकिमी या संशोधकाने १९६४ मध्ये सिद्ध केलं की सर्वात स्वस्त जागा एखाद्या गावी किंवा फाट्यावर सापडतेच, अध्येमध्ये माळरानात शोधत बसायला नको. म्हणून गावं आणि तिठे तेवढे तपासायचे. अंतर मोटारसायकलच्या मीटरवर मोजा, आणि ज्या रस्त्याने भरलेला पिकअप चढतो त्याच रस्त्याने.

आता पूर्ण हिशोब. फॅक्टरी त्या-त्या ठिकाणी टाकली तर हंगामाची वाहतूक अशी पडते:

अ: १,१९,०४० रुपये
ब: ७७,७६०
क: ६१,२००
ड: ६६,०००
तालुका: ८६,१६०

या आकड्यांत क पहिला आला यापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे ड त्याच्यापासून फक्त ४,८०० रुपये लांब आहे. तळाशी हा खर्च पसरट असतो, ताटासारखा. कडेला गेलात की झपकन वर चढतो, अ कडे बघा. म्हणून वाहतुकीचा हिशोब ‘इथेच’ असं सांगत नाही, ‘या टप्प्यात, आणि टोकांना नको’ असं सांगतो. क ते ड या टप्प्यात निवड करताना वीज, पाणी, माणसं आणि कागदपत्रं यांचा शब्द शेवटचा.

आणि क-ड मधला फरक किती नाजूक आहे ते टरफलावरून कळेल. टरफलाचा ट्रक ८ टन भरतो असं तुम्ही धरलंय. टरफल हलकं आणि फुगीर, वजन होण्याआधी हौदा भरतो. पोती नीट दाबून, थर लावून रचली तर ८ टन बसतील, पण मोकळं ओतलं आणि ५ टनच बसलं तर टनामागे दर १० वरून १६ वर जातो. टरफलाची ओढ १,२०० ची १,९२० होते, क च्या पुढची बाजू ३,७२० आणि मागची ३,६००. पारडं ड कडे झुकतं! एका ट्रकमध्ये किती टरफल बसतं एवढ्यावर जागा बदलते. तेव्हा शेजारच्या एखाद्या चालू फॅक्टरीतून भरून निघणारा टरफलाचा ट्रक वजनकाट्यावर बघून या. तेल कारखाना गेटवरून स्वतः उचलत असेल तर ती ओढ तुमच्या खात्यातून गेली असं समजू नका. तालुक्यातल्या गेटचा भाव आणि क मधल्या गेटचा भाव असे दोन्ही विचारा. फरक असेल तर ते भाडंच आहे, फक्त भावात लपवलेलं.

बीच्या बाजूलाही अशीच एक खाच आहे. पिकअप दीड टन भरूनच निघेल असं आपण धरलं, म्हणजे हंगामात सगळ्या गावांच्या मिळून १३५ फेऱ्या. प्रत्यक्षात कोणी सहा पोती घेऊन फोन करतो, ‘गाडी पाठवा’. सरासरी भरती टनावर आली तर दर २४ वरून ३६ होतो. तेव्हा जागा बदलत नाही, उलट क अधिक पक्का होतो, पण खर्च भरपूर वाढतो. गावागणिक वार ठरवून द्या. अ आणि ब चा एक दिवस, इ चा एक. आणि बी वाळवूनच घ्या. झाडाखालून वेचलेल्या ताज्या बीत १८ टक्के ओल असेल आणि ती उन्हात ९ टक्क्यांवर आणली, तर १०० किलोची ९० किलो होते. ओली बी आणली म्हणजे दहावा हिस्सा पाणी वाहून आणलं, आणि वर ती पोत्यात बुरसते ते वेगळंच.

पत्रात शेवटी एक सूचना आहे की अ-ब साठी ब मध्ये खरेदी केंद्र ठेवावं आणि तिथून मोठ्या ट्रकने माल क ला न्यावा. करू नका. ८० टन बी ६ किलोमीटर पिकअपऐवजी ट्रकने नेली तर टनामागे १४ रुपये वाचतात, एकूण ६,७२०. पण ८० टन म्हणजे ८० किलोची १,००० पोती, ती एकदा जादा उतरवायची आणि चढवायची. तुमच्याच दराने पोत्यामागे २० रुपये हमाली, म्हणजे २०,०००. थोड्या अंतरावर गाडीपेक्षा हमाल महाग पडतो, हे जागेच्या हिशोबात नेहमी राहून जातं.

पण या सगळ्याच्या वर एक खर्च आहे जो तक्त्यात नाहीच. बी हंगामात एकदा गाडीत बसते, कामाला येणाऱ्या बायका रोज. फोडणी, सोलणी आणि प्रतवारीला ३० जणी लागतील असं तुम्ही लिहिलंय. त्यांना रोज गाडीने आणायचं तर १,२०० रुपयांची गाडी, २५० दिवस, म्हणजे ३ लाख. सगळ्या बीची, गराची आणि टरफलाची वाहतूक मिळून ६१ हजार! माणसांची वाहतूक मालाच्या पाचपट होते, म्हणून जागेची पहिली चाळणी तीच: बायका चालत किंवा एसटीने येऊ शकतात का? मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे, त्यामुळे बसच्या वेळा जुळल्या तर ब कडच्या बायका क ला स्वस्तात येतील. सकाळची गाडी किती वाजता येते आणि संध्याकाळची शेवटची किती वाजता जाते ते डेपोत विचारा, आणि कामाची वेळ त्यावरून लावा. दुपारची शाळेची गाडी सुट्टीत बंद असते, आणि तुमचा खरेदीचा हंगाम नेमका मे महिन्यात. काजूच्या धंद्यात माणसं मालाला कशी खेचतात याचं मोठं उदाहरण केरळातलं कोल्लम. तिथल्या फॅक्टऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या आफ्रिकेतून जहाजाने बी आणून फोडली, कारण हात सरावलेल्या बायका कोल्लमला होत्या आणि जहाजाचं टनामागचं भाडं ट्रकच्या मानाने नगण्य. वेबरचा नियम मोडला नाही, फक्त मजुरीची ओढ वाहतुकीपेक्षा जड झाली.

गर निम्मा एका गावात आणि निम्मा दुसऱ्या गावात सोलावा, असंही कोणीतरी सुचवेल. बोरम्यातून, म्हणजे गर वाळवायच्या भट्टीतून, निघालेला गर ठिसूळ असतो. खड्ड्यांच्या रस्त्याने तो हलवला की अख्ख्याचा पाकळी-तुकडा होतो, आणि डब्ल्यू ३२० या अख्ख्या गराच्या प्रतीच्या आणि तुकड्याच्या भावातला फरक सगळ्या भाड्याला खाऊन टाकतो. वाफवण्यापासून डबा बंद होईपर्यंत सगळं एका छपराखाली.

पावसाचं गणित तुमच्या बाजूने आहे, पण अर्धंच. बी मेअखेरपर्यंत गोळा होते, त्यामुळे इ च्या वाटेवरचा साकव जुलैत पाण्याखाली गेला तरी फॅक्टरीचं काही अडत नाही. गर आणि टरफल मात्र ऐन पावसाळ्यात बाहेर पडणार. म्हणून फॅक्टरी ते तालुका हा रस्ता बारमाही हवा. क आणि ड च्या मधला पूल पावसात किती दिवस बंद असतो ते गावातल्या दुकानदाराला विचारा, त्याचा माल रोज त्यावरून येतो. दोन-चार दिवसच असेल तर गोदामात तेवढी जागा ठेवली की भागलं. दरवर्षी आठवडाभर बंद राहत असेल तर ४,८०० रुपये मोजून ड ला जा. ड ची विकाऊ जमीन नदीकाठची आहे असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. तिथे पुराची जुनी खूण कुठवर आहे ते बघितल्याशिवाय मात्र नाही. २०० टन बी म्हणजे २,५०० पोती, आणि खालचा थर भिजला की वर्षाचा नफा गेला.

आता फुकट जागेकडे. अ ला वाहतूक क पेक्षा ५७,८४० रुपयांनी जास्त, दरवर्षी. बँकेच्या १२ टक्के दराने हे ४,८२,००० रुपयांचं व्याज झालं. सरळ सांगायचं तर फुकट जागा घेणं म्हणजे पावणेपाच लाखांहून जास्त किंमत मोजणं, फक्त ती हप्त्याहप्त्याने आणि कायमची. शिवाय तिथे शेड बांधावी लागेल. तुमच्या अंदाजाने १२ लाख, त्याचं व्याज १,४४,०००. जादा वाहतूक धरून अ चा बोजा वर्षाला २,०१,८४०. क च्या शेडचं भाडं वर्षाला ९६,०००, तिथे थ्री फेज जोडणी आधीच आहे आणि बऱ्याच बायका चालत येतात. ड ला जमीन आणि शेड मिळून १८ लाख, व्याज २,१६,०००. जागा देऊ करणाऱ्या सभासदाचा मान राखून हे आकडे त्याच्यासमोर ठेवा. दिलदार माणूस आहे, बी वाळवायला त्याचं अंगण हंगामापुरतं मिळालं तरी अ चं मोठं काम होईल.

हे आकडे एकाच वर्षाच्या बीवर बेतलेत, हे मात्र मनात सलतं. मोहोराच्या वेळी पाऊस आला किंवा ढेकण्या ही कीड पडली की एका पट्ट्याचं पीक निम्म्यावर येतं. गेल्या तीन हंगामांचे आकडे व्यापाऱ्याच्या हिशोबपट्ट्यांवरून काढा. अ आणि ब चं उत्पन्न २० टक्क्यांनी घटलं असं धरून आम्ही बघितलं: क च्या मागची बाजू ३,२१६ होते आणि बी घटल्याने गर-टरफलही घटून पुढची २,८५६. क टिकतो. पण बाहेरची बी घेऊन वर्षभर फॅक्टरी चालवायचा विचार असेल तर चित्र बदलतं. तालुक्याच्या दिशेने १०० टन बी आयशरने, १२ रुपये दराने आली, तर तिची ओढ १,२००, तिच्या गर-टरफलाची ९००. पुढची बाजू ५,१०० झाली, जागा ड. तेव्हाही तालुका नाहीच, ते ध्यानात ठेवा. हा विचार पुढच्या दोन-तीन वर्षांत असेल तर क भाड्यानेच घ्या, तिथे पक्कं बांधकाम करू नका. बॉयलर आणि ड्रायर बसवताना ते पुढे हलवायला लागतील हे फॅब्रिकेटरला आधीच सांगा.

टरफलाबद्दल आणखी एक. त्याचा धूर डोळ्यांना झोंबतो आणि तेल कातडीवर भाजतं. दूध संस्थेची शेड वाडीच्या मधोमध असेल तर धुराडं किती उंच आणि वारा कुठल्या घरांकडे, हे आधी बघा. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती दोनदा लागते, उभारणीआधी एकदा आणि चालू करण्याआधी एकदा. शेजाऱ्यांची तक्रार दुसऱ्या वेळेला आली तर बॉयलर बसवून तसाच पडून राहतो. टरफलाचा ढीग शेडला आणि घरांना लागून नको, तो पेटला तर विझता विझत नाही.

कागदपत्रांत ड च्या जमिनीचा सातबारा काढून बघा: सामायिक किती नावं आहेत, त्यातले मुंबईला किती, आणि वनसंज्ञेचा (जमीन वन असल्याचा) शेरा आहे का. विकणारा एक आणि सह्या वीसजणांच्या, हे आपल्याकडचं नेहमीचंच. वनसंज्ञा लागलेली निघाली तर ती जमीन विसरा.

क च्या शेडचं त्याहून नाजूक आहे. बंद पडलेल्या संस्थेचे जुने अध्यक्ष भाडं ठरवायला तयार असतील, पण संस्था अवसायनात गेली, म्हणजे गुंडाळायला काढली, असेल तर त्यांच्या सहीला किंमत नाही. दूध संस्थांचं काम बघणाऱ्या सहायक निबंधकांच्या कार्यालयात जाऊन संस्था कुठल्या अवस्थेत आहे ते लेखी विचारा. अवसायक नेमला असेल तर करार त्याच्याशी, निबंधकांच्या परवानगीने. शेड लिलावात निघायची शक्यता आहे का, तेही त्याच अर्जात विचारून घ्या. आणि ११ महिन्यांच्या करारावर बॉयलर बसवू नका. किमान पाच वर्षांचा नोंदणीकृत भाडेपट्टा घ्या, त्यात भाडेवाढीचा दर आणि यंत्रं काढून नेण्याचा हक्क लिहून घ्या. वीजजोडणी अजून संस्थेच्या नावावर असेल तर थकबाकी किती आहे ते महावितरणकडून आधी काढा, नाहीतर ती तुमच्या गळ्यात येईल.

अर्ज या आठवड्यात टाका. मोहोर आला की गटातलं कोणी कचेरीत जायला मोकळं नसतं.